दुसरी टोचणी : ‘इम्युनिटी’च्या कल्पनेचा शब्देतिहास

‘इम्युनिटी’ हा शब्द वैद्यकाने कायद्याकडून उसना घेतलेला आहे. लॅटिन भाषेत ‘मूनुस’ म्हणजे नागरिकावर असलेले सार्वजनिक कर्तव्य, सेवा किंवा देणे. आणि ज्याच्यावर असे देणे नाही तो ‘इम्यूनिस’. रोमन राज्यात एखाद्या नगराला अथवा व्यक्तीला करातून मिळणाऱ्या सुटीस ‘इम्यूनितास’ म्हणत. मराठी सनदा वाचलेल्या अभ्यासकास ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. इनाम जमिनीवरील सारा माफ झाला म्हणजे तो माफ झाला. त्यामुळे ती जमीन अधिक कसदार होत नाही, की नापीकही होत नाही. मातीत काहीच पालटत नाही. पालटते ती दप्तरातील नोंद. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द रोगांच्या संदर्भात स्थिरावला, तेव्हा त्याच्याबरोबर हे गृहीतही वैद्यकात शिरले. मनुष्य एक तर रोगापासून मुक्त असावयाचा, नाही तर नसावयाचा. मुक्त असलेल्याच्या शरीरात काय घडून गेले आहे, ते कालमानाने कमीजास्त होते काय, आणि त्याच शरीरास पुन्हा तोच किंवा तत्सम रोगकारक भेटला असता ते कसे वागते, या प्रश्नांना ‘माफी’च्या कल्पनेत जागा नाही. देवीच्या रोगाचा आणि त्यावरील टोचणीचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी हे प्रश्न नाकारण्याचा आणि पुनःपुन्हा त्यांच्याशी गाठ पडण्याचा इतिहास होय.

मूळ अनुभव पुरातनच आहे. इसवी सनापूर्वी ४३० मध्ये अथेन्सवर आलेल्या साथीचे वर्णन करताना थ्यूसिडिडीस हा इतिहासकार सांगतो की, आजारातून उठलेले लोकच रोग्यांची शुश्रूषा निर्धास्तपणे करीत, कारण त्याच माणसाला रोगाने पुन्हा गाठले तरी ते प्राणघातक ठरत नसे. येथे बारकाईने पाहिले पाहिजे. रोग पुन्हा होतच नाही असे तो म्हणत नाही. झाला तरी जिवावर बेतत नाही, एवढेच म्हणतो. स्वतः त्या दुखण्यातून उठलेल्या या लेखकाने कोणत्याही उपपत्तीच्या आहारी न जाता केलेले हे विधान पुढील दोन हजार वर्षांतील पुष्कळ पंडितांच्या विधानांपेक्षा अधिक मोजके आहे.

मराठीत या रोगाचा सगळा व्यवहार क्रियापदांवर उभा आहे. मुलाला देवी येतात, अंगावर देवी निघतात, आणि टोचणारा देवी काढतो. ‘निघणे’ आणि ‘काढणे’ ही जोडी अकर्मक व सकर्मक रूपांची आहे. तेव्हा ‘देवी काढणे’ म्हणजे ज्या देवी आपण होऊन निघावयाच्या त्या मनुष्याने हेतुपुरस्सर बाहेर आणणे. अर्थाच्या दृष्टीने हा प्रयोग जेनरच्या गाईच्या लशीपेक्षा त्यापूर्वीच्या पद्धतीला, म्हणजे मानवी देवीचेच द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीत घालण्याच्या पद्धतीला, अधिक तंतोतंत लागू पडतो. त्या पद्धतीचे बंगालमधील वर्णन जॉन झेफनाया हॉलवेल याने १७६७ साली लंडनला प्रसिद्ध केले. साथीचा हंगाम येण्यापूर्वी ब्राह्मण टोचणारे गावोगाव फिरत, गेल्या वर्षीच्या फोडांतील द्रव्यात भिजवून ठेवलेला कापूस वापरीत, आणि पथ्यपाणी सांभाळीत, असे त्याने लिहिले आहे. इंग्लंडात हीच कल्पना तुर्कस्तानातून गेली. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिने आपल्या मुलास १७१८ साली कॉन्स्टँटिनोपलला व मुलीस १७२१ साली लंडनला टोचून घेतले. नैसर्गिक देवीत शंभरांतील वीस-तीस रोगी दगावत, तर टोचून आणलेल्या देवीत एखाद-दुसरा. मात्र टोचलेल्या माणसापासून इतरांना खरीखुरी देवी लागू शके, हा या पद्धतीचा मोठा दोष होता. आलेली देवी ही देवीच असे; केवळ वेळ, जागा आणि मात्रा मनुष्याने ठरविलेली असे.

एडवर्ड जेनर हा स्वतः याच पद्धतीने टोचणारा ग्रामीण डॉक्टर होता, ही गोष्ट त्याच्या चरित्रकथांत बहुधा मागे पडते. जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलास १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव्य टोचले, पुढे १ जुलैला त्यास मानवी देवी टोचली आणि ती आली नाही, हा प्रसंग शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. परंतु जेनरच्या १७९८ मधील पुस्तकाचा पाया फिप्सवर उभारलेला नाही. त्यातील आरंभीची प्रकरणे अशा माणसांची आहेत की, ज्यांना गाईची देवी पूर्वीच, नकळत, कामाच्या ओघात लागून गेली होती आणि ज्यांना कित्येक वर्षांनी मानवी देवी टोचण्यात आली. जोसेफ मेरेट हा बर्कलीच्या अर्लच्या बागेतील माळी. त्याला १७७० साली गाईची देवी आली होती. पंचवीस वर्षांनी, १७९५ च्या एप्रिलमध्ये, गावात सार्वत्रिक टोचणी झाली तेव्हा जेनरने त्याच्या दंडात देवीचे द्रव्य पुनःपुन्हा घातले. तरी त्यास देवी आली नाही, टोचल्या जागेभोवती फक्त लाली उमटली. मेरी बार्ज हिला तर एकतीस वर्षांपूर्वी गाईची देवी येऊन गेली होती. १७९१ साली टोचल्यावर तिच्याही दंडावर फिकट लाली लवकरच दिसली आणि थोड्याच दिवसांत मावळली.

या मेरी बार्जच्या प्रकरणाला जेनरने एक तळटीप जोडली आहे. या विषयाच्या इतिहासात तिला जे स्थान मिळावयास हवे होते ते मिळालेले नाही. तो म्हणतो की, शरीराचा कल देवीचे द्रव्य नाकारण्याकडे असला म्हणजे टोचलेल्या जागी दाह होतो तो देवी येणाऱ्या माणसापेक्षा अधिक त्वरेने. इतका की, संसर्ग लागणार की नाही हे त्यावरूनच बहुतेक ओळखावे. पुढे तो असेही सुचवितो की, त्वचेतील वाहिन्यांच्या वागण्याच्या प्रवृत्तीत जणू जन्मभर टिकणारा बदल घडून आलेला असतो. सारांशरूपाने येणाऱ्या ‘माफी’पेक्षा ही कल्पना सर्वस्वी वेगळी आहे. येथे शरीर गप्प बसलेले नाही. ते उत्तर देत आहे, आणि पहिल्या खेपेपेक्षा लवकर देत आहे. खेदाची गोष्ट अशी की, ही टीप लिहिणाऱ्या जेनरनेच पुढे तिच्याकडे पाठ फिरविली. एकदा गाईची लस नीट टोचली म्हणजे जन्मभराची निश्चिती झाली, असा दावा तो अखेरपर्यंत करीत राहिला.

जेनरची लस हिंदुस्थानात पोहोचली ती व्हिएन्ना, बगदाद व बसरा या मार्गाने. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस यशस्वी झाली, आणि तिच्या दंडावरील फोडातून इतर मुलांना टोचून ती पुढे मद्रास-कलकत्त्याकडे गेली. शीतपेट्या नसलेल्या त्या काळी लस ही दंडाहून दंडाकडे, म्हणजे अक्षरशः मुलांच्या साखळीतून, प्रवास करी. मराठी ‘लस’ या शब्दात ही साखळी अजून शिल्लक आहे. जखमेतून किंवा फोडातून झिरपणाऱ्या पातळ, चिकट द्रवाला मराठीत लस म्हणतात. इंग्रज डॉक्टर ज्याला लॅटिन ‘लिंफा’ म्हणजे स्वच्छ पाणी या शब्दावरून ‘लिंफ’ म्हणत, तेच हे द्रव्य. इंग्रजी ‘व्हॅक्सिन’ शब्दात गाय राहिली, कारण ‘वाक्का’ म्हणजे गाय. मराठीत फोड राहिला. पुढे पाश्चरने १८८१ साली लंडनच्या वैद्यकीय परिषदेत जेनरच्या सन्मानार्थ ‘व्हॅक्सिनेशन’ ही संज्ञा सर्वच रोगांच्या टोचणीला लावावी असे सुचविले आणि इंग्रजीतील गाय नाममात्र उरली. मराठीतील फोडही तसाच विसरला गेला.

टोचलेल्या लोकांना देवी येऊ लागल्या त्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतच. त्या बहुधा सौम्य असत, फोड थोडे व लवकर सुकणारे असत. एडिंबरोच्या जॉन टॉमसन याने १८२० साली त्यांना ‘व्हॅरिओलॉइड’, म्हणजे देवीसारखी, असे नाव दिले. जेनरपक्षाचे उत्तर ठरलेले होते: लस खोटी असली पाहिजे, किंवा टोचणाऱ्याचा हात कच्चा असला पाहिजे. सनदच बनावट होती, असे म्हणण्यासारखा हा प्रकार होता. माफीची कल्पना सोडावयाची नसेल तर दुसरे उत्तर संभवतही नव्हते. प्रशियाच्या सैन्याने मात्र वादात न शिरता १८३४ पासून भरती होणाऱ्या प्रत्येकास, तो बालपणी टोचलेला असो वा नसो, पुन्हा टोचण्यास आरंभ केला. त्यांपैकी पुष्कळांच्या दंडांवर लस पुन्हा ‘धरली’, म्हणजे त्यांची पहिली निश्चिती संपलेली किंवा क्षीण झालेली होती. इंग्लंडच्या १८५३ च्या कायद्याने अर्भकांना लस सक्तीची केली, पण दुसऱ्या टोचणीची सक्ती केली नाही. जर्मन साम्राज्याच्या १८७४ च्या कायद्याने मात्र बालपणीच्या लशीनंतर बाराव्या वर्षी पुन्हा टोचणे बंधनकारक केले.

दुसरीकडे गोवराचा अनुभव उलटी साक्ष देत होता. फेरो बेटांवर १८४६ साली गोवराची साथ आली, तेव्हा ७,७८२ वस्तीपैकी सुमारे ६,००० लोकांना तो आला. पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरास तेथे असे ९८ वृद्ध भेटले की, ज्यांना १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेला होता. पासष्ट वर्षांनी त्यांपैकी एकालाही तो पुन्हा आला नाही. एका विषाणूचा बदल आयुष्यभर टिकतो, आणि त्याच्या जवळच्या नातलगाने केलेला दुसऱ्या विषाणूविरुद्धचा बदल दशकादोन दशकांत ओसरतो, हे दोन्ही अनुभव एकाच शब्दाखाली कोंबणे उत्तरोत्तर कठीण होत गेले.

ही कोंडी फोडण्याचा पहिला जाणीवपूर्वक प्रयत्न व्हिएन्नात झाला, आणि तो प्रथमतः भाषेच्या पातळीवर झाला, हे विशेष. क्लेमेन्स फॉन पिर्के (१८७४–१९२९) हा तेथील बालरुग्णालयात काम करी. घटसर्पावरील घोड्याचे रक्तजल दिलेल्या मुलांना होणाऱ्या विकाराचा अभ्यास त्याने बेला शिक याच्यासह १९०५ साली प्रसिद्ध केला होता. पहिल्या खेपेस हा विकार आठ-दहा दिवसांनी उद्भवे. तेच रक्तजल काही काळानंतर पुन्हा दिले तर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत. पिर्केने हाच धागा देवीच्या लशीकडे नेला आणि टोचलेल्या जागेची दिवसवार मोजदाद केली. प्रथमच टोचलेल्या मुलात तीन-चार दिवस विशेष काही दिसत नाही, मग पुटकुळी व तिचा फोड होतो, आणि फोडाभोवतीची मोठी लाली आठव्या दिवसाच्या सुमारास पसरू लागून पुढील तीन-चार दिवसांत परमावधीला पोहोचते. पूर्वी टोचलेल्या मुलात मात्र चोवीस तासांतच लहानशी, खाजरी पुटकुळी उठते आणि दोन-तीन दिवसांत विरते. मधला काळ फार गेला असेल तर सगळा क्रम पहिल्यासारखाच होतो, पण घाईने व आटोपशीर. मेरी बार्जच्या दंडावर जेनरने जे पाहिले होते ते शंभरांहून अधिक वर्षांनी येथे घड्याळ व मोजपट्टी लावून पाहिले गेले.

यावरून पिर्केने दोन गोष्टी काढल्या. एक अशी की, रोग प्रकट होण्यापूर्वीचा निवांत काळ हा केवळ जंतूच्या वाढीचा काळ नव्हे. तो शरीराच्या तयारीचाही काळ होय. लाली ही विषाची नव्हे, तर विष आणि शरीराने निर्माण केलेली प्रतिद्रव्ये यांच्या गाठीची खूण आहे. दुसऱ्या खेपेस तयारी आधीच झालेली असल्यामुळे गाठ लवकर पडते. दुसरी गोष्ट शब्दाविषयीची. पुन्हा टोचलेला मुलगा रोगापासून सुरक्षित आहे, म्हणून तो ‘इम्यून’; पण तोच मुलगा पहिल्यापेक्षा लवकर प्रतिक्रिया देतो, म्हणून तो ‘अतिसंवेदनशील’. एकाच शरीराला एकाच वेळी ही परस्परविरुद्ध विशेषणे कशी लावावयाची? तेव्हा त्याने १९०६ साली नवा शब्द घडविला. ग्रीक ‘आलॉस’ म्हणजे अन्य, ‘एर्गॉन’ म्हणजे कार्य; त्यांवरून ‘आलेर्गी’, म्हणजे पालटलेली प्रतिक्रिया. रोग, लस किंवा विष यांच्या पहिल्या भेटीने शरीराचे वागणे काळ, गुण व प्रमाण या तिन्ही बाबतींत पालटते. तो पालट हितकारक की अहितकारक, हे शब्दात सांगितलेलेच नाही, आणि तसे ते सांगू नये हाच त्याचा हेतू होता.

शब्दाचे नशीब त्याच्या कर्त्याच्या हाती नसते. काही दशकांतच ‘ॲलर्जी’ या शब्दाचा अर्थ शिंका, पित्त, दमा यांपुरता आकसला, आणि ज्या रोगमुक्तीला सामावून घेण्यासाठी तो घडविला होता तिच्याच विरुद्ध पक्षात तो जाऊन बसला. मराठी परिभाषेतील ‘अधिहृषता’ हा प्रतिशब्द या आकसलेल्या अर्थाचेच भाषांतर आहे. त्यात ‘अधिक’ आहे, ‘अन्य’ नाही. परिभाषा करणारांना यासाठी दोष देता येणार नाही, कारण त्यांच्यापुढे शब्द आला तोच मुळी अर्धा होऊन आला होता.

हा केवळ कोशकारांच्या बैठकीतला प्रश्न राहिला असता तर त्याचा एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. परंतु पिर्केने वेगळे करून दाखविलेले दोन अर्थ पुन्हा एकत्र झाल्याने प्रत्यक्ष माणसांच्या जिवाशी खेळ झाला. दुसऱ्या टोचणीनंतर एक-दोन दिवसांत उमटून विरणाऱ्या लालीला लसीकरणाच्या व्यवहारात ‘इम्युनिटीची प्रतिक्रिया’ असे नाव पडले. टोचणाऱ्याने ती पाहावी, माणूस सुरक्षित आहे असे नोंदवहीत लिहावे आणि पुढच्या दारी जावे. पण ही लाली उमटण्यास लशीतील विषाणू जिवंत असण्याची गरज नाही. ज्याच्या शरीरात पूर्वी पालट घडून आला आहे, त्याच्या दंडात उन्हाने मेलेली लस घातली तरी त्यातील प्रथिनांना शरीर ओळखते आणि लाली येते. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी टोचलेला, आता देवीला पुरेसा विरोध करू न शकणारा मनुष्य, निरुपयोगी लस टोचून घेऊन सुरक्षितांच्या यादीत जाई. उष्ण प्रदेशांत, द्रवरूप लस लवकर निकामी होत असे तेथे, ही चूक विशेष महाग पडण्याजोगी होती, आणि भारताने राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ साली हाती घेतला तो अशाच लशीच्या बळावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ साली हे नावच रद्द ठरविले. सहा ते आठ दिवसांनी पाहणी करून फोड अथवा स्पष्ट घट्टपणा आढळल्यास ‘मोठी प्रतिक्रिया’, अन्यथा ‘संदिग्ध प्रतिक्रिया’, असे दोनच वर्ग ठेवले. आणि संदिग्ध असेल त्यास पुन्हा टोचावे असे सांगितले. ‘संदिग्ध’ हा शब्द शासकीय नोंदवहीत क्वचितच इतका उपकारक ठरला असेल. भारतातील देवीचा अखेरचा स्थानिक रोगी मे १९७५ मधील आहे, आणि ८ मे १९८० रोजी देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. या यशात गोठवून सुकविलेली लस, दुतोंडी सुई आणि रोग्यांचा माग काढणारी पथके यांचा वाटा अर्थातच नामांतरापेक्षा पुष्कळ मोठा आहे.

देवी गेल्यानंतर तिच्या लशीच्या खुणा शरीरात किती काळ राहतात हे मोजता आले. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पंचाहत्तर वर्षांपूर्वी टोचलेल्या माणसांच्या रक्तातही प्रतिपिंडे आढळली; विशिष्ट पेशींची संख्या मात्र आठ ते पंधरा वर्षांत निम्मी होत जाते असे दिसले. तेव्हा जेनरही सर्वस्वी चुकला नव्हता आणि त्याचे विरोधकही नव्हते. दोघे पालटाच्या निरनिराळ्या अंगांविषयी बोलत होते.

पहिल्या भेटीचा ठसा पुढील भेटींवर कसा पडतो याचे नवल वाटावे असे उदाहरण फ्ल्यूने दिले. त्याचा विषाणू वर्षावर्षाला रूप पालटतो. टॉमस फ्रान्सिस या अमेरिकन शास्त्रज्ञास असे आढळले की, मनुष्याला बालपणी फ्ल्यूचा जो पहिला प्रकार भेटला त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे त्याच्या रक्तात जन्मभर वरचढ राहतात, आणि पुढे वेगळ्या प्रकाराचा संसर्ग झाला किंवा लस दिली तरी शरीर जुनीच प्रतिपिंडे पुन्हा जोमाने निर्माण करते. त्याने १९६० साली यास ‘प्रतिजनविषयक आद्य पाप’ असे अर्धवट विनोदी, ख्रिस्ती धर्मशास्त्रातून घेतलेले नाव दिले. हे नाव मराठीत आणताना अवघडल्यासारखे होते. आदमाचे पाप आपल्या परंपरेत नाही, आणि त्यातील दोषारोपही प्रत्येक वेळी यथार्थ नसतो. बालपणीचा ठसा काही वेळा पुढील साथीत तारकही ठरतो. त्यापेक्षा नैयायिकांची परिभाषा येथे अधिक जुळते. त्यांच्या मते अनुभव नाहीसा होतो पण मागे संस्कार ठेवतो. तो संस्कार सुप्त असतो, आणि उद्बोधक मिळाला म्हणजे त्यापासून स्मृती उत्पन्न होते. उद्बोधकांत ते सादृश्याला प्रमुख स्थान देतात. गाईच्या देवीने माणसाच्या देवीपासून वाचवावे ते सादृश्यामुळेच, आणि नव्या फ्ल्यूने जुन्याची प्रतिपिंडे जागवावी तीही सादृश्यामुळेच. आधुनिक शास्त्रज्ञ ‘स्मृतिपेशी’ म्हणतात तेव्हा ते अजाणता याच मार्गाने जात असतात. दुसऱ्या टोचणीस मराठीत ‘वर्धक मात्रा’ म्हणतात. पण ती मात्रा असलेल्यात भर घालण्यापेक्षा निजलेल्याला जागे करण्याचेच काम अधिक करते. ‘उद्बोधक मात्रा’ हा शब्द चालण्याजोगा आहे.

कोविडच्या साथीत हा सर्व इतिहास दोन वर्षांत पुन्हा घडला. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. त्यातील कोव्हिशील्ड ही लस पुण्यात तयार होत असे, आणि कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा केला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतून वृत्त प्रसिद्ध झाले की, ज्यांना आधी संसर्ग होऊन गेला होता त्यांची प्रतिपिंडे लशीच्या एकाच मात्रेनंतर थोड्या दिवसांत इतकी वाढली की, दोन मात्रा घेतलेल्या अन्य लोकांच्या बरोबरीने किंवा त्याहून वर गेली; आणि पहिल्याच टोचणीनंतर ताप, थकवा, अंगदुखी त्यांनाच अधिक झाली. पिर्केने वर्णिलेला हाच पालट, फक्त दंडाऐवजी रक्तात मोजलेला. याला ‘हायब्रिड इम्युनिटी’ असे नाव मिळाले. लॅटिन ‘हिब्रिदा’ म्हणजे पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांची संतती. संकर म्हटले की क्रम गळून जातो. पण येथे आधी काय व नंतर काय, आणि मध्ये किती काळ, यावरच सारे अवलंबून असते.

व्यवहारात मात्र रोमन ‘इम्यूनितास’ आपल्या मूळ अर्थाने परत आली. साथीच्या पहिल्याच महिन्यांत बऱ्या झालेल्यांना प्रवासाची व कामाची मोकळीक देणारी ‘इम्युनिटी पासपोर्ट’ नावाची सनद द्यावी असे काही सरकारांनी सुचविले. जागतिक आरोग्य संघटनेने २४ एप्रिल २०२० रोजी त्याविरुद्ध सूचना दिली. पुढे युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून प्रमाणपत्रे लागू केली. त्यांत संसर्गातून बरे झाल्याची नोंद १८० दिवसांपर्यंत ग्राह्य धरली जाई, आणि फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासासाठी मूळ लसीकरणाची नोंद २७० दिवसांपर्यंत. भारतातील प्रमाणपत्रावर लशीचे नाव, मात्रा व दिनांक असत. आधी संसर्ग होऊन गेला होता की नाही, यासाठी रकाना नव्हता.